मुलगी पॅरिशच्या शाळेत, आम्ही कॅथलिक नाही; आणि वर्गाची प्रथम कम्युनियन आली आहे

तिसरीचा_बाबा

लेक पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, आवारातल्या शाळेत तिसरीला आहे. आम्ही दोघंही कॅथलिक नाही. शाळा निवडली ती शिक्षक आणि शिस्त बघून, त्याबद्दल आजही तक्रार नाही. सकाळची प्रार्थना, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी वर्गासोबत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), राखेच्या बुधवारी कपाळावर राख, हे सगळं प्रवेश घेतानाच माहीत होतं. तिला ते आवडतं. घरी बाहुल्या रांगेत बसवून ती स्वतः फादर होते आणि प्रवचन देते (विषय बहुतेक वेळा बाहुल्यांची अस्वच्छता).

यंदा मात्र अडलंय. वर्गातल्या कॅथलिक मुलांची प्रथम कम्युनियनची, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची, तयारी सुरू झाली. मधल्या सुट्टीत दुसरा विषय नाही. पांढरा फ्रॉक, डोक्यावरची जाळी, मेणबत्ती, पहिल्या कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे चुका कबूल करताना, काय सांगायचं. बाकावरची मैत्रीण त्यात आहे, ही नाही. त्यामुळे रोज रात्री "मग मला का नाही?"

पत्नी म्हणते, एवढी हौस आहे तर शाळेला विचारून बघू, एक दिवसाचा तर प्रश्न. मला ते बरोबर वाटत नाही, पण का ते नीट सांगता येत नाही. शिवाय मिस्सेत कम्युनियनची रांग लागते तेव्हा हिने करायचं काय? बसून राहायचं की सगळ्यांबरोबर जायचं? आणि हे बोलायचं कुणाशी, वर्गशिक्षिकेशी, प्रिन्सिपॉल सिस्टरशी की फादरशी? आवार एकच असल्यामुळे कोण कुणाच्या हाताखाली आहे हेच मला अजून उमगलेलं नाही.

गच्चीवरचा_पतंग

आठवडाभराने विसरेल. आमचा मुलगा एनसीसीच्या बुटांसाठी असाच रडला होता.

खडूची_धूळ

विसरणार नाही हो. आठ वर्षांची मुलगी असल्या गोष्टी विसरत नसते.

मी पॅरिशच्या शाळेत गणित शिकवलं आणि रविवारी मिस्सेनंतर त्याच इमारतीत धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. सोमवारची मुलं आणि रविवारची मुलं यांतली बरीचशी तीच, पण सगळी नाहीत. तुमच्या सगळ्या गोंधळाचं मूळ मला त्या "सगळी नाहीत"मध्ये दिसतं.

प्रथम कम्युनियन हा शाळेचा कार्यक्रम नाही. दिसतो तसा, कारण तयारी शाळेच्या वर्गात होते, सराव शाळेच्या वेळेत होतो, फोटो शाळेच्या पायऱ्यांवर निघतो. पण चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत, म्हणजे कॅनन लॉमध्ये, कलम ९१४ आहे. मुलाची तयारी करून घेण्याची जबाबदारी त्यात आधी आईवडिलांवर टाकली आहे आणि त्यांच्याबरोबर पॅरिश प्रीस्टवर, म्हणजे पॅरिशच्या मुख्य फादरांवर. मूल तयार आहे की नाही हे बघणंही पॅरिश प्रीस्टचं काम. ज्या कॅथलिक मुलांच्या गावात पॅरिशची शाळाच नसते, किंवा जी दुसऱ्या शाळेत जातात, त्यांचीही कम्युनियन होतेच, रविवारच्या वर्गातून. म्हणून "शाळेला विचारून बघू" याला अर्थ नाही. शाळेच्या हातात ते नाहीच.

आता "एक दिवसाचा प्रश्न" याबद्दल, आणि हे तुमच्या सौभाग्यवतींना जरूर वाचून दाखवा, रागावून नाही. कॅथलिक माणसासाठी ती पांढरी गोल भाकर म्हणजे ख्रिस्त स्वतः. प्रतीक नव्हे. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला ती देता येत नाही, मग फादर कितीही मायाळू असोत. लहान मुलांनाही ती एकेकाळी दहा-बारा, काही ठिकाणी चौदा वर्षांची होईपर्यंत मिळत नसे. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी फर्मान काढून वय साधारण सातवर आणलं. निकष एवढाच ठेवला, की मुलाला ही भाकर आणि साधी भाकर यांतला फरक कळला पाहिजे. तुमच्या लेकीच्या मैत्रिणी सध्या वर्षभर बसून तेवढंच शिकताहेत. फ्रॉक आणि जाळी त्याच्या बाहेरची गोष्ट आहे, आणि माझं मत विचाराल तर दर वर्षी ती जरा जास्तच बाहेर येते. फ्रॉकच्या घेरावरून दोन आया एकमेकींशी बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्या आहेत.

"मग बाप्तिस्माच देऊन टाका" असं कुणी सुचवलं, तर तोही वर्गातल्या हजेरीपटावर उरकण्याचा मामला नाही. सात वर्षांवरच्या मुलाला चर्च या बाबतीत मोठ्या माणसासारखं धरतं. दीक्षेची टप्प्याटप्प्याची तयारी असते, आईवडिलांची संमती लागते, आणि साधारणपणे बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) व कम्युनियन एकत्रच होतात, बहुतेकदा ईस्टरच्या आदल्या रात्री. तुम्ही घरात त्या दिशेने विचार करत नसाल तर ही वाट तिच्यापुढे उघडूसुद्धा नका. मैत्रिणीसारखा फ्रॉक हवा, एवढ्या कारणासाठी कुठलाही शहाणा फादर ती उघडणार नाही.

तिला काय सांगायचं? खरं तेच. "तुझ्या मैत्रिणीचं घर कॅथलिक आहे, तिचा लहानपणी बाप्तिस्मा झालाय, त्याची ही पुढची पायरी. आपलं घर तसं नाही. तू मोठी झालीस की तुझं तू ठरवशील." मुलांना "नाही" पचतं. "बघू" पचत नाही.

मिस्सेतल्या रांगेचं: बसून राहिली तरी चालतं. दोन्ही हात छातीवर फुली करून रांगेत गेली तर बऱ्याच ठिकाणी फादर तिच्यासाठी छोटा आशीर्वाद म्हणतात. वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवा. नाहीतर शेजारची मुलं ढकलतात आणि हात पुढे होतो.

वेदीसेवकाचा_बाप

बाईंशी बहुतेक सहमत. पण हात छातीवर धरून जाण्याबद्दल मतभेद. माझी दोन्ही मुलं वेदीवर सेवा करतात, त्यामुळे हे रोजचं बघणं आहे. मिस्सेच्या पुस्तकात अशी पद्धत कुठेच दिलेली नाही. रांग कम्युनियनची आहे. आशीर्वाद दोन-चार मिनिटांत शेवटी सगळ्यांना मिळतोच, बसलेल्यांनाही. मग लेकराला तिथवर नेऊन भाकर न देता परत पाठवायचं कशाला? आमच्या आधीच्या फादरना ते मुळीच खपत नसे. आत्ताचे हसून डोक्यावर हात ठेवतात. मुलांना कळेना की नियम बदलला की फादर.

खडूची_धूळ

पुस्तकात नाही हे खरं. पण कलम ११७० म्हणतं, की आशीर्वाद कॅथलिक नसलेल्यांनाही देता येतो. राखेच्या बुधवारी आम्ही रांगेतल्या प्रत्येक कपाळाला राख लावतो, तिथे कुणी दाखला मागत नाही. राख हा संस्कार नव्हे, कम्युनियन हा संस्कार. त्यामुळे पहिल्या ठिकाणी दार सताड उघडं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. वर्गातली चाळीस मुलं उठून गेली आणि सहा बाकावर राहिली की त्या सहांना काय वाटतं, ते मी बाकाच्या टोकाला बसून पाहिलंय. तुमच्या फादरना जे चालतं ते करा, भांडू नका. पण मुलीला आधी कळू दे.

पाचवी_ब_ची_आई

आम्हीही कॅथलिक नाही, मुलगा आता पाचवीत. या वर्षातून आम्हीही गेलो. नियम वगैरे माहीत नाहीत, काय केलं ते सांगते.

संगीताच्या सरांकडे गेले आणि विचारलं, कम्युनियनच्या दिवशी गाणाऱ्या मुलांत याला घ्याल का? म्हणाले, आनंदाने, आवाज आहे का बघतो. आवाज बेताचाच होता, पण घेतलं. मित्राच्या दिवशी हा समोर उभा राहून गात होता. रडणं तिथेच संपलं. कुणी नुसतं बघायला बोलावणं आणि काम देऊन बोलावणं यात पोरांच्या लेखी फार फरक असतो.

आणि मैत्रिणीच्या घरच्यांनी बोलावलं तर नक्की जा. आम्ही संकोचाने जाणारच नव्हतो. गेलो तर आजोबांनी शेजारी बसवून कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे ते हळूच सांगितलं. गुडघे टेकायचे नसतील तर नुसतं बसलं तरी कुणी वळून बघत नाही.

एक मात्र: धर्माच्या तासाला मुलाला बाहेर बसवा अशी चिठ्ठी आम्ही देणार होतो, ती दिली नाही. द्यायला हवी होती का, बाई?

खडूची_धूळ

नाही दिली ते बरं केलंत, पण मागायचा हक्क तुम्हाला आहे. शिक्षणासाठी असलेल्या व्हॅटिकनच्या खात्याने १९८८ मध्ये एक दस्तऐवज काढला, त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्यात. शाळेत शिकवायचा धर्म हा विषय: येशू कोण, बायबलात काय आहे, ख्रिस्ती माणूस जगाकडे कसं बघतो. ते कुणीही शिकावं. आणि श्रद्धा धरलेल्या माणसाला त्या श्रद्धेत वाढवणं, ते घराचं आणि पॅरिशचं काम. विद्यार्थ्याच्या आणि कुटुंबाच्या सदसद्विवेकाचा मान राखला पाहिजे, हेही त्यात स्वच्छ लिहिलंय. त्याआधी १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावरच्या जाहीरनाम्यात कॅथलिक नसलेली मुलं ज्या शाळांत येतात त्या चर्चला फार प्रिय आहेत असं म्हटलं होतं. तुम्ही तिथे कुणाच्या उपकारावर नाही आहात.

अडचण तिसरीतच येते. चांगली शिक्षिका वर्षभर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते, आणि कम्युनियनची तारीख जवळ आली की तिचीही गल्लत होते. धर्माचा तास कन्फेशनच्या सरावाला जातो आणि बाकीची मुलं चित्रं रंगवत बसतात. हे होत असेल तर जरूर बोला. सराव शाळा सुटल्यावर किंवा रविवारी घेता येतो. मी तसाच घेत असे, आणि त्यासाठी स्टाफरूममध्ये बोलणीही खाल्ली.

गाण्याची कल्पना उत्तम. बाकी कामंही आहेत: फुलं, पुस्तिका वाटणं, पाहुण्यांना जागा दाखवणं. मिस्सेतलं बायबल-वाचन मात्र मागू नका, ते कॅथलिकांनीच करायचं असा नियम आहे. नाही म्हणताना शिक्षिकेला उगीच अवघड होतं.

तिसरीचा_बाबा

सगळ्यांचे आभार. बाईंचं उत्तर पत्नीला वाचून दाखवलं. "फ्रॉकचा घेर" ऐकून ती हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली गाण्याचं विचारू.

दोन गोष्टी राहिल्या. बोलायचं कुणाशी ते अजून कळलं नाही. आणि पॅरिशच्या सणाला पालकांनी मदतीला यावं अशी वहीत चिठ्ठी आलीय, वर दानाचं पाकीट. हे सक्तीचं असतं का?

खडूची_धूळ

फीची पावती काढून बघा, वर कुणाचं नाव आहे. पॅरिशचं असेल तर शाळा पॅरिशची, आणि व्यवहारात शेवटचा शब्द फादरांचा, कारण पॅरिशच्या वतीने कायदेशीर सही तेच करतात. सिस्टरांच्या संघाचं नाव असेल तर शाळा संघाची. प्रिन्सिपॉल संघ नेमतो आणि आवार एक असलं तरी फादर तिथे पाहुणे. काही फादरना हे मान्य करायला जड जातं, तो वेगळा विषय. बिशपांची देखरेख दोन्हींवर असते, पण तुमच्या कामासाठी तिथवर जायची गरज नाही.

वर्ग, तास, सराव याबद्दल आधी वर्गशिक्षिका, मग प्रिन्सिपॉल. कम्युनियन, आशीर्वाद, रांग याबद्दल थेट फादर. रविवारी मिस्सा संपल्यावर दाराशी गाठू नका, तिथे पन्नास जण असतात. पॅरिशच्या ऑफिसात वेळ घेऊन जा.

पाकीट सक्तीचं नाही. कोरं परत दिलंत तरी शिक्षिकेने नाव टिपायचं नसतं. टिपत असेल तर प्रिन्सिपॉलना सांगा. द्यायचंच असेल आणि ठरावीक कामासाठी द्यायचं असेल, समजा ग्रंथालयासाठी, तर पाकिटावर तसं लिहा. अमुक कामासाठी दिलेले पैसे त्याच कामाला वापरायचे, असं कलम १२६७ सांगतं. मदतीला मात्र जा. खुर्च्या मांडायला माणसं नेहमी कमी पडतात.

वेदीसेवकाचा_बाप

आणि उचलायला त्याहून कमी. आमच्याकडे सण संपला की पुरुषमंडळी अचानक भाविक होतात आणि चर्चमध्ये जाऊन बसतात.

तिसरीचा_बाबा

पावती पाहिली. संघाचं नाव आहे. सोमवारी वर्गशिक्षिकेला भेटतो, फादरांच्या ऑफिसात फोन केलाय, गुरुवारची वेळ दिलीय. खुर्च्यांना नाव दिलं.