वडिलांची स्प्लेंडर आठ महिने बंद राहणार, शिरोड्याच्या खाऱ्या हवेत कशी ठेवू?

शिरोड्याचा खलाशी:
20 मेला बोटीवर चढतोय, परत येईन जानेवारीत. घरी वडिलांची 2001 ची स्प्लेंडर आहे. ते गेले, पण गाडी मला शाबूत हवी आहे. गेल्या खेपेला पडवीत ताडपत्री टाकून गेलो होतो. आलो तर टाकीच्या आत गंज, शॉकअपच्या दांड्यांवर फोड, कार्बोरेटर चिकटलेला, बॅटरी मेलेली. टाकीत टॉर्च मारून बघितलं तेव्हा पोटात कालवलं. घर समुद्राला लागूनच आहे. आईला किक जमत नाही. शेजारचे काका म्हणतात, दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो. करू देऊ का? आणि पडवी बरी की मांगर, म्हणजे शेतीचं सामान ठेवायची खोप?

कुडाळकर:
काकांना करू दे. माझी अशीच टिकली.

मालवणचा गॅरेजवाला:
रविवारच्या पाच मिनिटांना माझा विरोध आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. सायलेन्सर पुरता तापायच्या आत गाडी बंद केली की ते पाणी आतच राहतं, थोडं इंजिन ऑइलातही उतरतं. चार महिने पावसात हेच केलं तर सायलेन्सर आतून कुजतो.

आधी मीठ काढ. 1 जूनला मासेमारी बंद झाली की आमच्याकडे होडीचं मशीन काढून पहिल्यांदा गोड्या पाण्याने धुतात, तेलाचा हात नंतर. गाडीचंही तसंच. मडगार्डची आतली बाजू, स्पोकची मुळं, इंजिनखालची जागा नीट धू. विहीर मचूळ असेल तर ते पाणी नको. मग मळेवाडपर्यंत फेरी मारून ये, म्हणजे सांध्यांतलं पाणी सुकेल आणि इंजिन तापेल. गरम असतानाच ऑइल बदल. जुन्या ऑइलात आम्ल आणि ओल असते, ते आठ महिने बेअरिंगवर बसायला नको.

टाकीबद्दल माझं मत बदललं आहे. पूर्वी मी काठोकाठ भरून ठेवायला सांगायचो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल फार झाली की पाणी नि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, पत्रा तिथूनच खायला लागतो. म्हणून टाकी सोडव, पूर्ण रिकामी कर, उन्हात चांगली वाळव. चूल आणि देवाचा दिवा लांब असू देत. मग कपभर नवं इंजिन ऑइल ओतून सगळ्या बाजूंनी फिरव, कॉकची नळी बंद कर आणि टाकी घरात ठेव. आल्यावर थोड्या पेट्रोलने खळखळून काढायची. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून तिथलंही पेट्रोल काढ.

प्लग काढून चमचाभर ऑइल घाल, चार किका मार, प्लग परत लाव. शॉकअपच्या दांड्यांना ग्रीसचा पातळ हात, चेनला 90 नंबरचं गिअर ऑइल. गाडी मेन स्टँडवर, खाली फळी.

मांगरात नको. माडांना घालायच्या मिठाच्या आणि युरियाच्या गोणी तिथेच असतात, शिवाय भाताला उंदीर. पडवीतच ठेव, पण ताडपत्री नको, खाली ओल कोंडते. सुती चादर पुरे.

काकांना काम हवंच असेल तर बॅटरी काढून त्यांच्याकडे दे. महिन्यातून एकदा चार्जिंग, आणि पाणी कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटर.

गुहागरची:
सायलेन्सरचं तोंड पिशवीने बांधायला विसरू नका. आमच्या गाडीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, तार घालून ठोकून काढावं लागलं. आणि चावीला चिठ्ठी बांधा, "आधी पिशवी काढ" म्हणून. आठ महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

शिरोड्याचा खलाशी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज टाकी सोडवली. मागचा बोल्ट गंजला होता, रॉकेल घालून अर्धा तास थांबलो तेव्हा सुटला. वाळवून, तेल फिरवून झालं. आईने ती वडिलांच्या ट्रंकेवर ठेवलीय, जुन्या धोतरात गुंडाळून. काका आधी थोडे नाराज झाले. बॅटरीचं सांगितल्यावर उठून आत गेले आणि कॅलेंडरवर जानेवारीपर्यंत प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी खूण करून आले.