विषय: जुलैत कोल्हापूर, पन्हाळा ते पावनखिंड

नमस्कार मंडळी,

जुलैत सुट्टीला कोल्हापुरात कोण कोण असणार, ते कळवा. आपण मुलांना इथे अमेरिकेत गेटिसबर्गला लढाईचा देखावा बघायला नेलं होतं, आठवतंय ना? अमेरिकेच्या यादवी युद्धातली १८६३ ची लढाई, निळे आणि करडे डगले, तोफांचा धूर. कार्टी दिवसभर जागची हलली नाहीत. आता सगळ्यांची एकच भुणभुण, आपल्या लढाया अशा कुठे बघायला मिळतात? पन्हाळ्यावर असं काही असतं का? तिकीट, बसायची सोय, लागणारा वेळ हे कोल्हापूरकरांनी सांगावं.

– सचिव

---

सचिवसाहेब,

तिकीट नाही, खुर्च्या नाहीत, आणि वेळ म्हणाल तर दोन दिवस.

आषाढात आमच्याकडची पोरं ही लढाई बघायला जात नाहीत, तिची वाट चालायला जातात. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले, तीच वाट. पन्हाळा, म्हाळुंगे, मसाई पठार, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पुढे पांढरपाणी आणि पावनखिंड. पन्नासेक किलोमीटर भरतं. गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी गारद, म्हणजे महाराजांच्या नावाचा जयघोष, घालायची आणि सुटायचं.

गेटिसबर्गला मोकळी रानं आहेत, फौजा समोरासमोर भिडल्या. तिथं कडेला बसून बघता येतं. पावनखिंडीत प्रेक्षक उभा कुठं करणार? दोन्ही अंगाला कडा, मधून ओढा, वर झाडी. अरुंद आहे म्हणून तर मूठभर बांदल मावळ्यांना मागची फौज तिथं अडवता आली. आणि पाऊस वगळून हा प्रसंग कळतच नाही. मार्चपासून वेढा पडलेला. पावसाळा लागला की जौहर उठेल, हा अंदाज त्यानं खोटा ठरवला. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आलेले (पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून त्याची परतफेड केली). शेवटी शरण येतो अशी बोलणी लावली, पहारे सैलावले आणि त्या रात्रीच्या पावसात पालखी निघाली. एसी हॉलमध्ये हे दाखवाल तर पोरांना काय समजणार?

मसाई पठारावर धुकं उतरलं की पुढच्याची पाठपिशवी दिसते, माणूस दिसत नाही. खाली लाल चिखल. पाय वर येतो, बूट येत नाही, मग एका पायावर उभं राहून हातानं उपसायचा. वाड्यांच्या खाली भाताची रोपलावण चाललेली असते. इरलं पांघरून वाकलेल्या बायका मान वर न करता विचारतात, "कुठनं आलाय?" न्यू जर्सी सांगून बघा!

एक आग्रह आहे. निघण्याआधी पायथ्याला नेबापुरात शिवा काशीदांच्या समाधीवर मुलांना न्या. बाजीप्रभूंचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. पण दुसऱ्या पालखीत महाराज म्हणून बसलेला माणूस पकडला जायलाच निघाला होता. हातात तलवार नाही, पुढं खिंड नाही. माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात अवघड काम त्याचं.

– रंकाळ्यावरून, काका

---

काका,

तुमचं पटलं, पण पन्नास किलोमीटर? आमचा चिनू आठ वर्षांचा, सासूबाईंचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. शिवाय त्या वाटेवर जळवा असतात म्हणे. चिनू खूश आहे, मी नाही. आणि त्याला तलवारी बघायच्याच आहेत, त्याचं काय करू?

– चिनूची आई

---

सूनबाई,

जळवा असतातच. मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा, ओढून काढू नका.

सगळी वाट चाला असं मी म्हणत नाही. पहिल्या दिवशी गडावर महाराज निसटले ती राजदिंडी बघू, मग मसाई पठारावर पोरं जमेल तेवढं चालतील. आईंना गाडीनं पठारापर्यंत नेता येतं. दुसऱ्या दिवशी गाडीनंच पावनखिंड. शेवटी पायऱ्या उतरायला लागतात, तिथं आईंनी वरच बसावं. विशाळगड त्या वेळची परवानगी बघून. शनिवार-रविवार नको, पठारावर गाड्यांची जत्रा भरते.

तलवारीचं म्हणाल तर मर्दानी खेळ आहेत की! इथल्या एका तालमीतल्या वस्तादांशी बोलतो. लाठी, फरी-गदका (ढाल आणि काठी), विटा (दोरी लावलेला भाला), सगळं दाखवतील. चिनूला पट्टा जवळून बघू दे. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो, मनगट वळतच नाही, म्हणून पातं खांद्यातून फिरवावं लागतं. जमिनीवर ठेवलेलं लिंबू त्यानं कापतात. पोरीही फिरवतात, आणि झकास फिरवतात. फक्त वस्तादांना "शो किती वाजता?" असं विचारू नका. सरावाच्या वेळी जायचं आणि गप बसून बघायचं.

– काका

---

मंडळी,

काकांचा बेत पक्का धरतो. आठवड्याचे मधले दोन दिवस, तारीख काका वस्तादांना विचारून कळवतील. पूर्ण वाट चालणाऱ्यांनी वेगळी नावं द्या, त्यांची आंबेवाडीत मुक्कामाची सोय बघावी लागेल. गाडीत किती आणि पायी किती, ते याच मेलवर लिहा. छत्री आणू नका, पठारावरच्या वाऱ्यात उलटी होते. रेनकोट आणा.

परतल्यावर तांबडा-पांढरा काकांकडे, असं मी परस्पर जाहीर करतोय.

– सचिव

---

या की. पण किती जण ते आधी सांगा, मटण त्या हिशोबानं आणायचंय. शाकाहारी कोण कोण?

– काका