देवघरासाठी देवदार: मिस्त्री नको म्हणतात, काय करू?

सायली_कोथरूड: हिमाचलात कुल्लूजवळचा नग्गरचा किल्ला पाहिल्यापासून डोक्यात देवदारच आहे. देवघर त्याचंच करायचं ठरवलं, तर आमचे मिस्त्री म्हणतात, "ताई, ते खोक्यांचं लाकूड. दोन पावसाळ्यांत भुसा होईल." कोणी वापरलंय का?

रंधा: मिस्त्री खोटं बोलत नाहीत. आपल्या वखारीत देवदार म्हणून मिळतं ते बहुतेक पाइन. वास घ्या, टर्पेंटाइन आठवलं की समजा.

माझी निम्मी नोकरी कुल्लूकडे धरणाच्या कामावर गेली. तिथली काठकुणी घरं म्हणजे दगडाचा एक थर, त्यावर देवदाराच्या तुळया, कोपऱ्यात एकमेकींत अडकवलेल्या. चुना नाही, सिमेंट नाही. भूकंपात भिंत हलते, पण सुटत नाही. 1905 चा कांगड्याचा भूकंप नग्गरने असाच पचवला. धान्याची कोठारंही देवदाराचीच, कारण गाभ्यातल्या तेलामुळे कीड फिरकत नाही. काश्मिरातल्या हाउसबोटी त्याच्याच. इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरसाठी ओंडके नदीत सोडून खाली आणत. गढवालातल्या हर्सिलच्या विल्सन साहेबाने भागीरथीतून इतके सोडले, की लोक त्याला राजा म्हणू लागले!

हे सगळं कौतुक गाभ्याचं बरं का. बाहेरचं पांढरं लाकूड वाळवी आवडीने खाते.

आणि एवढं सांगूनही देवघराला मी नकोच म्हणेन. तेल पाझरतं, पॉलिश धरत नाही. खिळा जपून ठोकला नाही तर फळी चिरते.

माईआजी: आमच्याकडे देवदार म्हणजे बाळंतकाढा. सुनेला दिला होता, तोंड वाकडं करून प्यायली बिचारी. ते तुकडे याच झाडाचे का?

रंधा: हो माई, तोच गाभा.

डोंगरवेडा: सायलीताई, हिमाचलात हिरवा देवदार कुणालाही असा तोडून विकता येत नाही. गावकऱ्यांना घर बांधायला हक्काचं झाड मिळतं, पण ते लाकूड विकायला बंदी. त्यामुळे "ओळखीने आणून देतो" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. पावती आणि वाहतूक परवाना मागा.

सायली_कोथरूड: मग सांगाडा सागवानी आणि फक्त मागची फळी देवदाराची, बिनपॉलिशची? चालेल का काका?

रंधा: चालेल. चांगली वाळलेली, गाभ्याचीच घ्या. आधी भोक पाडून स्क्रू लावायला सांगा, खिळे नकोत. आणि पुढे तेलाचा डाग दिसला तर मला शिव्या घालू नका.