एन्ट्रा गव्हर्नन्सच्या नोंदी लॉग अ‍ॅनालिटिक्समध्ये: जुने दिसत नाही, 'कोणी काढले' रिकामे येते

पाटो_आयटी विचारतात:

हॉटेलांचा गट आहे, पणजी, कळंगुट आणि कोलवा अशी तीन ठिकाणे. ऑक्टोबर लागला की हंगामी कर्मचारी येतात, पावसाच्या तोंडावर बरेचसे जातात. त्यांना बुकिंग आणि बिलिंगचा प्रवेश एन्ट्रा आयडी गव्हर्नन्सच्या (कोणाला कशाचा प्रवेश हे सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) अ‍ॅक्सेस पॅकेजमधून, म्हणजे अधिकारांच्या तयार गठ्ठ्यातून देतो, मुदत ३१ मेपर्यंत. आता ऑडिटर विचारतोय की गेल्या हंगामात फ्रंट डेस्कच्या पॅकेजला मंजुरी कोणी दिली आणि प्रवेश कधी निघाला. पोर्टलच्या ऑडिट लॉगमध्ये ३० दिवसांपलीकडचे काही नाही.

म्हणून लॉग अ‍ॅनालिटिक्सचे (नोंदी साठवून शोधायची मायक्रोसॉफ्टची सेवा) वर्कस्पेस उघडले, एन्ट्राच्या नोंदी तिकडे पाठवणारी डायग्नॉस्टिक सेटिंग लावली. तरी चार अडचणी आहेत. जुन्या नोंदी आल्याच नाहीत. कॅटेगरी 'एंटायटलमेंट मॅनेजमेंट' ठेवून शोधले तर अ‍ॅक्सेस रिव्ह्यूचे (दिलेला प्रवेश ठेवावा की काढावा याच्या तपासणीचे) निर्णय दिसत नाहीत. प्रवेश काढलेल्या ओळींत 'कोणी काढले' हा रकाना रिकामा. आणि सप्टेंबरच्या अहवालात ऑक्टोबरचे काही जण घुसलेत. शिवाय वर्कस्पेस बघायचा अधिकार कोणाकोणाला द्यावा?

वेर्णा_क्लाउड:

पहिल्याचे उत्तर कडू आहे. डायग्नॉस्टिक सेटिंग मागचे काहीच ओढून आणत नाही. सेव्ह केल्या क्षणापासून पुढे जे घडेल तेच वर्कस्पेसमध्ये जाते. पी१ किंवा पी२ परवाना असला तरी एन्ट्रा स्वतः ऑडिट लॉग ३० दिवसच ठेवते, मोफत आवृत्तीत ७ दिवस. म्हणून आज पहिले काम हे करा: पोर्टलमधून उरलेले ३० दिवस डाउनलोड करून ती फाइल जपून ठेवा. उद्या त्यातला एक दिवस आणखी गेलेला असेल.

आता सेटिंग तपासा. ऑडिट लॉग्जवर खूण हवीच. हॉटेलच्या अ‍ॅपमध्ये खाती आपोआप उघडत-मिटत असतील तर प्रोव्हिजनिंग लॉग्जवरही हवी, नाहीतर पॅकेज 'मंजूर' दिसेल आणि खाते खरोखर बंद झाले का हे कळणारच नाही. नॉन-इंटरॅक्टिव्ह साइन-इन (माणसाने काही न करता अ‍ॅपने त्याच्या नावे केलेले) मात्र विचार करून घ्या. सगळ्यात जास्त आकारमान त्याचेच असते आणि बिल जीबीवर लागते. गव्हर्नन्सच्या प्रश्नांना बहुधा त्याची गरज पडत नाही.

मग टिकवण्याची मुदत. वर्कस्पेसची मूळ मुदत ३० दिवस असते. ती तशीच राहिली तर एवढा खटाटोप करून तुम्ही पुन्हा ३० दिवसांवरच. वर्कस्पेसमध्ये टेबल्स उघडा, ऑडिटलॉग्ज निवडा आणि तिथेच मुदत वाढवा. सहज शोधता येणारा भाग २ वर्षांपर्यंत, एकूण मुदत १२ वर्षांपर्यंत नेता येते. २ वर्षांपलीकडच्या भागासाठी सर्च जॉब चालवावा लागतो, साधी क्वेरी तिथे पोचत नाही. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग मागितलेत, तेव्हा त्याखाली जाऊच नका. तुमच्या ऑडिटरला अख्खा मागचा हंगाम हवा असतो, म्हणून मी ७३० दिवस धरेन.

वर्कस्पेस सेंट्रल इंडियात, म्हणजे पुण्यात आहे ना, तेही बघून घ्या. नंतर प्रदेश बदलता येत नाही, नवे वर्कस्पेस उघडावे लागते आणि जुना साठा जुन्यातच राहतो.

एक अगदी कळकळीने सांगतो: या वर्कस्पेसला डेली कॅप, म्हणजे रोज किती नोंदी घ्यायच्या याची मर्यादा, लावू नका. कॅप गाठली की त्या दिवसापुरते नोंदी घेणे थांबते आणि मधली भोके नंतर भरता येत नाहीत. खर्च आवरायचा तर खुणा कमी करा.

केक्यूएल_म्हापसा:

बाकीच्या तिन्हींचे मूळ क्वेरीत आहे.

अ‍ॅक्सेस रिव्ह्यूच्या नोंदी त्या कॅटेगरीत नसतातच. त्या पॉलिसी, यूझर मॅनेजमेंट, डिरेक्टरी मॅनेजमेंट अशा कॅटेगरींत विखुरलेल्या असतात. कॅटेगरी सोडा आणि 'लॉग्डबायसर्व्हिस' या रकान्यावर शोधा, तिथे 'अ‍ॅक्सेस रिव्ह्यूज' असे स्वच्छ लिहिलेले असते. लाइफसायकल वर्कफ्लोज वापरत असाल तर त्यांचेही तसेच. तुलना करताना दुहेरी बरोबर चिन्ह लहान-मोठी अक्षरे काटेकोर पाहते. बरोबर आणि टिल्ड मिळून होणारे चिन्ह ती पाहत नाही. शून्य ओळी आल्या की आधी हेच तपासायचे.

'कोणी काढले' रिकामे येते कारण तुम्ही 'इनिशिएटेडबाय'मधला फक्त यूझरचा भाग वाचताय. ३१ मेला मुदत संपून प्रवेश निघतो तेव्हा काढणारा माणूस नसतोच, सेवा असते, आणि तिचे नाव अ‍ॅपच्या डिस्प्लेनेममध्ये असते. कोअलेस फंक्शनमध्ये (दिलेल्यांतले पहिले भरलेले मूल्य उचलते) आधी यूझर प्रिन्सिपल नेम, मग अ‍ॅपचे नाव द्या. दोन्ही आधी टूस्ट्रिंगमधून काढा. कोअलेस रिकामी स्ट्रिंगही ओलांडून पुढे जाते, त्यामुळे वेगळी अट लिहावी लागत नाही. ऑडिटरसाठी हा फरक महत्त्वाचा आहे: 'मुदत संपली' आणि 'मॅनेजरने काढले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'टार्गेटरिसोर्सेस'मध्ये शून्याव्या जागी नेहमी कर्मचारीच असेल असे धरू नका. ती यादी आहे, तिच्यात पॅकेज, धोरण, माणूस असे काहीही पुढेमागे असू शकते. एमव्ही-एक्स्पांड करून, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाची वेगळी ओळ करून, टाइप 'यूझर' असलेली ओळ उचला.

आणि सप्टेंबरचा घोळ. 'टाइमजनरेटेड' (नोंदीची वेळ) यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत असतो. रात्रपाळीच्या माणसाला १ ऑक्टोबरला पहाटे २ वाजता दिलेला प्रवेश तिथे ३० सप्टेंबर, २०:३० असा बसतो. हंगाम नेमका महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतो म्हणून तुमच्याकडे हे डोळ्यांवर आले. वेळेत ३३० मिनिटे मिळवा, मगच महिन्यावर गट करा. डेटटाइम यूटीसी-टू-लोकल फंक्शनला आशिया/कोलकाता दिले तरी तेच. गाळणी मूळ रकान्यावर ठेवा, पण तिची कड दोन्हीकडून एकेक दिवस सैल सोडा.

पर्वरी_सुरक्षा:

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात, पण माझ्या मते सगळ्यात वजनदार तोच. ज्या लॉगमध्ये अ‍ॅडमिनचे निर्णय नोंदले जातात तो लॉग तोच अ‍ॅडमिन पुसू शकत असेल, तर ऑडिटरने त्यावर विश्वास का ठेवावा?

एक सिक्युरिटी ग्रुप करा, लॉग वाचणाऱ्यांचा. त्या ग्रुपला वर्कस्पेसच्याच पातळीवर लॉग अ‍ॅनालिटिक्स रीडर ही भूमिका द्या, सबस्क्रिप्शनच्या (ज्यात वर्कस्पेस असते ते वरचे अ‍ॅझ्युर खाते) पातळीवर नको. मग तो ग्रुप कॅटलॉगमध्ये (पॅकेजांत घालायच्या गोष्टींची यादी) टाकून त्याचेही अ‍ॅक्सेस पॅकेज करा: मंजुरी लागणार, मुदत ९० दिवस, दर तिमाहीला रिव्ह्यू. फ्रंट डेस्कला जो नियम तोच आयटीला.

इथे एक फसगत असते. सबस्क्रिप्शनवर ओनर किंवा कॉन्ट्रिब्युटर असलेल्यांना वर्कस्पेसचा अधिकार वरून वारशाने मिळतो आणि तुमच्या ग्रुपच्या रिव्ह्यूत त्यांचे नाव येत नाही. वर्कस्पेसच्या अ‍ॅक्सेस कंट्रोलमध्ये रोल असाइनमेंट्स उघडून 'इनहेरिटेड' लिहिलेल्या ओळी एकेक वाचा. शक्य असेल तर या वर्कस्पेससाठी सबस्क्रिप्शनच वेगळे ठेवा.

डिलीट लॉक लावा. वर्कस्पेस हटले तर १४ दिवसांच्या आत परत आणता येते, पण ते कोणाच्या लक्षात यायला हवे. मुदत कोणी कमी केली तरी डेटा पुसण्याआधी ३० दिवस थांबतात, तेवढाच अवधी. आणि पक्का पुरावा हवा असेल तर त्याच डायग्नॉस्टिक सेटिंगमध्ये स्टोरेज अकाउंटलाही नोंदी पाठवा आणि त्या कंटेनरवर न बदलता येणारी साठवण लागू करा.

मंजुरीच्या बाबतीत चवथ (गणेशचतुर्थी) लक्षात ठेवा. ठरलेल्या दिवसांत निर्णय झाला नाही तर विनंती आपोआप नामंजूर होते. मॅनेजर गावी गेलेला, ऑक्टोबरची भरती तोंडावर, आणि लॉगमध्ये नुसते नकार. पर्यायी मंजुरीदार नेमून ठेवा.

सेलपॉइंट_मडगाव:

आमच्याकडे गव्हर्नन्स मायक्रोसॉफ्टचे नाही, सेलपॉइंट या दुसऱ्या कंपनीचे क्लाउड आहे. लॉग अ‍ॅनालिटिक्स तेच. तयार सेटिंग नाही, मग नोंदी ओढायच्या कशा?

वेर्णा_क्लाउड:

सेलपॉइंटच्या सर्च एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागायचा मार्ग) इव्हेंट्स इंडेक्स, म्हणजे घटनांचा साठा, वाचा. नोंदी पानापानाने येतात. ऑफसेट वाढवत गेलात तर १०,००० वर अडता, म्हणून पहिल्यापासून सर्चआफ्टर (मागच्या पानाच्या शेवटच्या नोंदीपुढून शोध) वापरा आणि क्रमवारीत शेवटी आयडी ठेवा, नाहीतर पानांच्या सीमेवर नोंदी दुबार येतात किंवा सुटतात. एका टोकनला १० सेकंदांत १०० विनंत्या. ४२९ (विनंत्या जास्त झाल्या) आला की रिट्राय-आफ्टर सांगेल तितके थांबा.

पाठवताना लॉग्ज इन्जेशन एपीआय घ्या. जुन्या एचटीटीपी डेटा कलेक्टर एपीआयवर नवे काही बांधू नका, तो १४ सप्टेंबर २०२६ ला बंद होण्याचे जाहीर झालेले आहे. डेटा कलेक्शन रूलवर (आलेल्या नोंदी कशा आणि कुठे बसवायच्या ते सांगणारा नियम) तुमच्या अ‍ॅपला मॉनिटरिंग मेट्रिक्स पब्लिशर ही भूमिका लागते. दिल्यावर ४०३ (परवानगी नाही) येत राहिला तर घाबरू नका, लागू व्हायला अर्धा तास लागू शकतो. एका कॉलला १ एमबीची मर्यादा.

२०४ (विनंती स्वीकारली) आला म्हणजे सगळे बसले असे समजू नका. जेसनमधल्या फील्डचे नाव रूलमध्ये जाहीर केलेल्या स्ट्रीमशी जुळले नाही तर ते फील्ड गुपचूप गळते आणि रकाना रिकामा राहतो. दुसरे, 'टाइमजनरेटेड' दोन दिवसांहून जुना असला तर तिथे पोचल्याची वेळ लिहिली जाते. मागचा साठा भरताना घटनेची खरी वेळ वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर गेल्या हंगामाच्या सगळ्या मंजुऱ्या आजच्या तारखेवर दिसतील.

पाटो_आयटी:

३० दिवसांची फाइल उतरवली, कोअलेसने रकाना भरला, महिनेही जुळले. वारशाच्या ओळी वाचल्या तर सात जण निघाले, त्यातले दोघे बाहेरच्या पुरवठादाराचे. त्यांचे ओनर आजच काढतोय. सेटिंगच कोणी बंद केली तर कळायचे कसे?

केक्यूएल_म्हापसा:

ऑडिटलॉग्जमधली शेवटची नोंद किती जुनी आहे यावर अलर्ट ठेवा. हंगामात ६ तास चालेल. जून ते सप्टेंबर रात्री शांतच असतात, तेव्हा २४ करा. नोंदी स्रोताकडूनच थोड्या उशिरा येतात, म्हणून बाकीच्या अलर्टची खिडकी त्यांच्या फेऱ्यांपेक्षा रुंद ठेवा: दर १५ मिनिटांनी चालणारा असेल तर मागचा निदान एक तास पाहू द्या. आणि हा सूचनेचा ईमेल सेटिंग बंद करू शकणाऱ्या माणसाखेरीज आणखी एकाला जाऊ द्या.