मदत हवी आहे: पेंग्विन घटले की स्थलांतरित झाले, हे कसे ओळखतात?

अंटार्क्टिकावरील एम्परर पेंग्विनांच्या वसाहती बर्फावरील विष्ठेच्या तपकिरी डागांवरून उपग्रहचित्रांत सापडतात. माझी अडचण त्यापुढची आहे. तिथल्याच हॅली बे वसाहतीत २०१६ पासून समुद्री बर्फ लवकर फुटल्याने सलग तीन हंगाम जवळजवळ एकही पिल्लू वाचले नाही, मात्र त्याच काळात जवळच्या डॉसन-लॅम्बटन वसाहतीतील संख्या झपाट्याने वाढली. अशा वेळी किती पक्षी दगावले आणि किती तिकडे गेले, हे अभ्यासक कशावरून ठरवतात?

शिवाय हे पक्षी थंडीवाऱ्यात बिलगून उभे राहतात आणि वारा पडला की पांगतात, त्यामुळे उपग्रहचित्रात थव्याने व्यापलेल्या क्षेत्रावरून काढलेल्या संख्येत त्या दिवसाच्या हवामानाची दुरुस्ती कशी करतात? खरी घट उशिरा लक्षात येईल, याची मला मनापासून काळजी वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.