मदत हवी आहे: लिबरऑफिसमध्ये दिनदर्शिका आणि पत्ते कसे बसवावेत?

नमस्कार मंडळी. लिबरऑफिसला जोडून चालेल असा छोटा माहिती-व्यवस्थापक करायचा घाट घातला आहे: पत्ते, भेटी, कामांची यादी. मेल नको, ते थंडरबर्डवर सोडतो. लिबरऑफिसचा पूर्वज असलेल्या जुन्या स्टारऑफिस ५.२ मध्ये हे सगळं एकाच खिडकीत होतं आणि ते जड व्हायचं, त्यामुळे ती वाट नको.

पत्त्यांचं सोपं वाटतंय. बेसमध्ये (लिबरऑफिसचा डेटाबेस) टेबल केलं, डेटा स्रोत म्हणून नोंदवलं की रायटरचं मेल मर्ज (एकच पत्र अनेक नावांनी काढायची सोय) तिथूनच नावं उचलतं. एकच कटकट, एका माणसाचे तीन फोन. मी फोन१, फोन२ असे रकाने केले आणि चौथा नंबर आल्यावर पस्तावलो. आता वेगळं टेबल.

खरी गोची भेटींची आहे. ‘दर महिन्याचा दुसरा मंगळवार’ अशी नोंद प्रत्येक तारखेची वेगळी ओळ करून ठेवू, की आयकॅलेंडर या दिनदर्शिकांच्या प्रमाणित फॉरमॅटसारखा फक्त नियम साठवून तारखा पाहताना काढू? नियम ठेवला, तर एकच मंगळवार बुधवारी ढकलल्यावर तो अपवाद कुठे लिहायचा? ओळी ठेवल्या, तर शेवट नसलेल्या भेटीला किती ओळी टाकायच्या? माझा कल नियमाकडे आहे, पण बेसच्या साध्या क्वेरीत त्या तारखा उलगडता येत नाहीत.

पायथनमध्ये एक्स्टेन्शन लिहून कोणी हे केलंय का? शिवाय कॅलडॅव्हची (सर्व्हरवरच्या दिनदर्शिकेशी नोंदी जुळत्या ठेवायची पद्धत) सोय आत्ताच धरावी, की आधी आयसीएस (आयकॅलेंडरची) फाइलची आयात-निर्यात पुरे?