स्वयंसेवक अनुवादकांना मुदत किती द्यावी?

ओवी_२ विचारते:
एका मुक्त सॉफ्टवेअरच्या अनुवादाचं समन्वयन माझ्याकडे आहे. नव्या आवृत्तीत १,८०० शब्दांच्या स्ट्रिंग (पडद्यावर दिसणारे मजकुराचे तुकडे) आहेत, शिवाय ४,००० शब्दांची मदतपानं. भाषा सहा, प्रत्येक भाषेत दोघं अनुवादक आणि एक तपासनीस, सगळे नोकरी-अभ्यास सांभाळून करणारे. दहा दिवस कमी पडतात, मुदतच नसली तर काम लोंबकळतं. हिशोब कसा बांधायचा?

काठपदर:
दिवस नव्हे, तास मोजा. पूर्णवेळ व्यावसायिक अनुवादक दिवसाला साधारण २,००० ते २,५०० शब्द करतो, म्हणजे ताशी तीनशेच्या आसपास. स्वयंसेवकाला ताशी २०० धरा. तो तुकड्यातुकड्यांत बसतो, आणि सुटी स्ट्रिंग बटणावरची आहे की सूचनेतली हे शोधण्यातच वेळ जातो (स्क्रीनशॉट जोडलेत तर हा वेग वाढतो).

१,८०० शब्दांना ९ तास. दोघांत साडेचार-साडेचार, आठवड्याला ३ तास मिळतात असं धरलं तर दीड आठवडा. तपासणीला निम्मा वेळ, म्हणजे एकट्याला आणखी दीड आठवडा. वर एक आठवडा राखीव. झाले चार. मदतपानं याच मुदतीत कोंबू नका. त्याच हिशोबाने ती सात आठवड्यांच्या घरात जातात. आवृत्ती त्यांच्यासाठी थांबवायची गरज नसते.

अर्धविराम:
हिशोब बरोबर, पण घड्याळ कधी सुरू होतं ते महत्त्वाचं. स्ट्रिंग फ्रीजच्या, म्हणजे मूळ मजकूर यापुढे बदलायचा नाही असं ठरण्याच्या, आधी मुदत जाहीर करूच नका. गेटटेक्स्ट या अनुवाद-व्यवस्थेत मूळ वाक्यातला स्वल्पविराम बदलला तरी नव्या मजकुराशी जुळवणी करताना त्या नोंदीवर ‘फझी’ची (पुन्हा तपासा अशी) खूण येऊ शकते, आणि अनुवाद सॉफ्टवेअरला वापरता येईल अशा रूपात आणणारं एमएसजीएफएमटी अशा नोंदी आपणहून वगळतं. अनुवाद फाइलीत असूनही वापरणाऱ्याला मूळ भाषाच दिसते. वर्डप्रेस रिलीज कॅन्डिडेटपाशी (जवळपास अंतिम आवृत्तीपाशी) हार्ड स्ट्रिंग फ्रीज लावतं ते उगाच नाही. मूळ मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुका पुढच्या आवृत्तीवर ढकला. बदल टाळताच येत नसेल तर मुदतही पुढे न्या, आणि डेव्हलपरांना हे आधीच बजावून ठेवा.

खडीसाखर:
चार आठवडे दिलेत तर काम चौथ्यातच सुरू होतं, असा धोका असतो. म्हणून मधले टप्पे हवेत. काम १५०-२०० शब्दांच्या गठ्ठ्यांत वाटा. गठ्ठा घेतल्यावर सात दिवस हालचाल नसेल तर तो आपोआप मोकळा होईल, हे सुरुवातीलाच लिहून ठेवा. मग कुणाला जाब विचारावा लागत नाही. आठवण दोनदाच: अर्ध्यावर आणि तीन दिवस आधी, तीही व्यक्तिगत. मागे पडलेल्यांची यादी चारचौघांत लावली की माणसं गुपचूप निघून जातात.

‘रविवारी रात्री’ असं लिहू नका, कुणाची रात्र? ‘सोमवार, १२:०० यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ) लिहा, म्हणजे बहुतेकांना शेवटचा शनिवार-रविवार पुरता मिळतो.

मुदत उलटली तर आहे तेवढ्यावर आवृत्ती काढा. उरलेल्या स्ट्रिंग मूळ भाषेत दिसतील, दुरुस्ती आवृत्तीत भरता येतील. अर्थात मुख्य पडदे आणि चूक झाल्यावर दिसणारे संदेश पहिल्या गठ्ठ्यांत हवेत.

ओवी_२:
एका भाषेत तपासनीसच नाही. तिथे?

काठपदर:
दोघांनी एकमेकांचं तपासावं. प्रत्येकाचे सव्वादोन तास वाढतील, पण मुदत वाढवावी लागणार नाही, कारण तपासणीही वाटली जाते. फक्त स्वतःच्या स्ट्रिंगला स्वतः मंजुरी देण्याचा पर्याय अनुवादाच्या साधनातल्या सेटिंगमध्ये बंद करा.